मेहराबीवरचं झाड

हैदर मुकरीने मशिदीचं काम घेतलं ते पुण्य लागावं म्हणून नाही, मुश्ताक फकीची जिरावी म्हणून. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. पाटोळमध्ये तीस-पस्तीस घरं मुसलमानांची, बाकी सगळे कुणबी, आणि अख्ख्या गावात हैदरइतका कडू माणूस दुसरा नव्हता. चहा गोड झाला तरी भांडायचा, अगोड झाला तरी भांडायचा. पण सागवानावर त्याने पटाशी टेकवली की बघणारा गप्प व्हायचा. माणसांशी जे त्याला कधी जमलं नाही ते लाकडाशी जमायचं.

मुश्ताकशी त्याचं जे बिनसलं होतं, त्याला मात्र कारण होतं, आणि चांगलं दणदणीत कारण होतं. पाटोळची जुनी मशीद कौलारू होती. नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, म्हणजे मेहराब, तिला हैदरच्या बापाने कोरलेली लाकडी चौकट होती. चार वर्षं म्हातारा तिच्यावर बसला होता. अठ्ठ्याऐंशी साली जमातीने ठरवलं, सिमेंटची मशीद बांधायची. मुश्ताक जमातीचा अध्यक्ष, वखारीचा आणि वीटभट्टीचा मालक. हैदर आठ दिवस कल्याणला कामाला गेला होता, तेवढ्यात मुश्ताकने पहारी लावून जुनी भिंत पाडली आणि चौकट भट्टीत घातली. म्हणाला, वाळवी लागली होती. वाळवी लागली होती हे खरंच होतं, पण खालच्या दोन वितींना. वरचं सगळं शाबूत होतं आणि ते विटा भाजायला गेलं.

हैदर परत आला तेव्हा भट्टी अजून गरम होती. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी शिव्यांखेरीज काही बोलले नाहीत. शिव्या मात्र सढळ हाताने दिल्या. आणि हेच दोघं पोरवयात एकमेकांच्या गळ्यात गळा घालून फिरायचे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना आठवायचं, पण बोलून कोण वाईटपणा घेणार.

नवी मशीद उठायला अकरा वर्षं लागली. नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्याअखेरीस रंग झाला, फरशी झाली, भोंगा चढला. मेहराब तेवढी सिमेंटची राहिली, नुसती पांढरी भिंत. जमातीतल्या लोकांनाच ते बघवेना. तिथं लाकूडच पाहिजे, असं एकमत झालं. आणि लाकूड म्हटलं की हैदरशिवाय होतं कोण? मुश्ताकने स्वतः यायचं टाळलं आणि मौलवींना पाठवलं.

"करतो," हैदर म्हणाला. "पन त्याच्या वखारीचं लाकूड घेनार नाय. आनि पुरं होईस्तवर त्यानं बघायचं नाय. तोंड दाखवलं तर पटाशी फेकून मारीन, सांगा त्याला."

लाकूड त्याने स्वतःच्या घरातलं घेतलं. आतल्या खोलीचं जुनं सागाचं दार उतरवलं आणि तिथं गोणपाट लावलं. सून चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याचं त्याला काही वाटलं नाही, तेवढीच शांतता.

मौलवी नसीम महाडकडचे, वयाने तरुण, बोलायला मऊ. त्यांनी कागदावर कुराणातली एक आयत लिहून दिली आणि तिचा अर्थ समजावला. त्यांचं म्हणणं असं, की अल्लाचा नूर, म्हणजे उजेड, कसा असतो ते तिच्यात सांगितलंय. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात दिवा, दिव्याभोवती काच, आणि काच कशी, तर लखलखत्या ताऱ्यासारखी. दिव्याला तेल एका बरकतीच्या झाडाचं.

"आपल्यात जिवाचं चित्र काढत नाहीत," मौलवी म्हणाले. "म्हणून जुने कारागीर हेच कोरत आले. कोनाडा म्हणजे माणसाची छाती. काच म्हणजे दिल. दिवा म्हणजे आत पेटलेलं इमान."

"आनि झाड?"

"झाड म्हणजे जिथून ते तेल येतं ते. ना पूर्वेचं, ना पश्चिमेचं. त्याचं तेल असं, की विस्तव लागायच्या आधीच उजळेल."

"पन कोनतं झाड? पान कसं त्याचं?"

"जैतूनचं, म्हणजे ऑलिव्हचं."

"तुमी बघितलंय?"

मौलवी खरं बोलणारा माणूस. "बाटलीतलं तेल बघितलंय," ते म्हणाले. "आईचे गुडघे दुखतात, तिला लावतो."

हैदर हसला नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट अडकली होती, ना पूर्वेचं ना पश्चिमेचं. असं एक झाड त्याला माहीत होतं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेवर, डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, करपटवाडी. तिच्या जरा खाली, पाटोळच्या पायवाटेवर, बरोबर शिवेच्या दगडाला खेटून एक जुनाट मोह उभा होता. मोजणीवाले इकडचे आले तर म्हणायचे हे तिकडचं, तिकडचे आले तर म्हणायचे हे इकडचं. त्यामुळे त्याला कुणी नंबर टाकला नाही आणि कुणी तोडलाही नाही.

आणि जुन्या मशिदीतला दिवा त्याच मोहाच्या तेलावर जळायचा. करपटवाडीच्या एका घराने पहिल्या घाण्याचं तेल मशिदीला द्यायचं, अशी रीत होती. का होती ते कुणाला ठाऊक नव्हतं. तांब्याचा एक बुधला होता, तो वर्षभर वाडीवरच राहायचा. आषाढात बिया गोळा व्हायच्या, श्रावण सरता तेल निघायचं, मग मशिदीतून दोघांनी जायचं, बुधला भरून आणायचा, दिव्याच्या हंड्यात ओतायचा आणि रिकामा परत पोचवायचा. हैदर आणि मुश्ताक दहा-बारा वर्षांचे असल्यापासून सात वर्षं हे काम त्या दोघांकडे होतं. चढताना बुधला हैदरकडे, उतरताना मुश्ताककडे, कारण मुश्ताकचा पाय घसरत नसे.

मग वीज आली, दिव्यात बल्ब आला, मशीद पडली आणि बुधला वाडीवर राहून गेला.

हैदर एक दिवस वाडीवर जाऊन झाड डोळ्यांत भरून आला आणि कामाला लागला. खाली कोनाडा कोरला, आत साखळीला लटकलेला दिवा, भोवती काचेचा फुगीर घोळ, काचेला ताऱ्याचे आठ कोन. कडेने आयत. वरच्या वेगळ्या फळीवर झाड. खोड दिव्याच्या बरोबर डोक्यावर, आणि फांद्या दोन्हीकडे सारख्या, म्हणजे झाड कुठल्या बाजूचं ते कुणाला सांगता येऊ नये. फांद्यांच्या टोकाला पानांचे झुबके, पानांत दोडे, म्हणजे ज्याच्या बीचं तेल निघतं ते फळ. आणि शेवटी, काम खरं तर संपलेलं असताना, त्याने फुलांचे घोस कोरले. खाली मान घातलेले, गुबगुबीत, पाकळीन् पाकळी मोजावी असे. आयुष्यात इतकं नाजूक काम त्याने केलं नव्हतं. उजव्या हाताला कंप सुटायला लागला होता. यापुढे असलं काही आपल्याकडून होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एवढी एक फळी बापाच्या जागी चढली की सुटलो, असं त्याला वाटायचं.

कुठेही खिळा नव्हता. झाडाची फळी खालच्या फळीच्या खोबणीत बसवलेली आणि चार लाकडी खुंट्यांनी अडकवलेली. बाप असंच करायचा.

उद्घाटनाच्या आधीच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाज झाल्यावर, चौघांनी ते धूड मशिदीत आणलं आणि भिंतीला टेकवून वरची चादर काढली.  मग मुश्ताक पुढे झाला. पांढरी दाढी, इस्त्रीचा कुर्ता, खिशाला दोन पेनं. वखारीत जन्म गेलेला माणूस, झाड ओळखायला त्याला वेळ लागतो होय?

"हे जैतून नाय," तो म्हणाला. "हा मोह हाय. ही बघा फुलं."

"मोह?" मागून कुणीतरी म्हणालं. "दारूचा?"

"दुसरा कोनता असतो? ज्याची हातभट्टी लावतात तो. यानं अल्लाच्या घरात दारूचं झाड आनलंय. आनि तेबी मेहराबीवर!"

झालं. मशिदीत गलका उठला. काल रस्त्यात हैदरला सलाम करणारे आज हाताच्या मुठी वळून पुढे आले. एकाने त्याच्या बापाचा उद्धार केला. एकजण म्हणाला, म्हातारा चळला, याला बाहेर काढा. हैदर तिथेच पाय रोवून उभा राहिला आणि प्रत्येकाला व्याजासकट परत देत राहिला. मौलवी नसीम मध्ये पडले नाहीत. डोळे मिटून तसबीचे मणी ओढत बसले. त्या दिवशी हैदरला त्यांचाही राग आला, आणि तो बरोबर होता.

मुश्ताकने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"हैदर," अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने नावाने हाक मारली. "सगळ्यांसमोर म्हन, हे जैतून हाय. एकदाच म्हन. मी माझ्या हातानी वर चढवतो."

लोक थांबले. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. एक शब्द तर होता. जैतून इथं पाहिलंय कुणी? शब्द टाकला की फळी वर जाणार, मग शंभर वर्षं तिला कोण हात लावतंय. मुश्ताकच्या डोळ्यांत मात्र जे होतं ते हैदरला स्पष्ट दिसत होतं. त्याला झाड खाली नको होतं, हैदर खाली हवा होता. त्या आयतीखाली उभं करून त्याला खोटं बोलायला लावायचं होतं.

हैदरचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आलाही असेल. त्याची नजर फळीवर गेली, आणि त्याला भयंकर हाव सुटली ती वर गेलेली बघायची.

"मोह हाय," तो म्हणाला. "नि तुला ठाऊक हाय. दिव्यात कोनतं तेल होतं ते सांग यांना. बुधला तुझ्याच खांद्यावर असायचा ना रे उतरताना?"

मुश्ताकची मान लाल झाली. "तवाचं तवा गेलं," तो म्हणाला. "हे वर चढनार नाय."

"नको चढवूस."

हैदरने कमरेची हातोडी काढली. चार खुंट्या चार ठोक्यांत बाहेर काढल्या, खिशात टाकल्या, झाडाची फळी खोबणीतून उचलली आणि खांद्यावर घेतली. कुणी वाट अडवली नाही. मागे राहिलं ते दिव्याचं लाकूड, वरची खोबण बोडकी.

फळी घरी ठेवायची त्याला छाती झाली नाही. एक चौकट भट्टीत गेली होती, दुसरी कुणाच्या तरी चुलीत गेली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जीप धरली, रस्ता संपला तिथून चढला आणि करपटवाडीला भिमीच्या ओटीवर फळी उतरवली.

भिमी म्हणजे बुधला ज्या घरात असायचा त्या घरची सून. माहेर सिद्धगडाच्या पायथ्याचं. नवरा गेला, सासू गेली, आता घराची कारभारीण तीच. तिने हात कमरेवर ठेवून फळी वरपासून खालपर्यंत बघितली.

"हैदरभाव, हे कंचं झाड?"

"तुझ्या वाडीचा मोह. आंधळी हाईस का?"

"मोहाला फूल येतं चैतात. तवा त्याच्या अंगावर पान नसतंय. दोडा येतो आखाडाच्या तोंडाला. तवा फूल नसतंय. तू तर पान, फूल नि दोडा सगळं एका वक्ताला लावलंस. असं झाड मी तं नाय बघितलं."

हैदर भडकला. चाळीस वर्षं पटाशी धरतोय, तू मला शिकवतेस का, वगैरे बरंच बोलला. भिमीने ते पावशेरभरही मनावर घेतलं नाही.

"दिव्याला तेल लागतं," ती म्हणाली. "तेल बीचं. मंग फूल कोनासाठी काढलंस?"

 कोणासाठी काढलं ते हैदरला ठाऊक होतं. पानं आणि दोडे कुणाच्या डोळ्यांत आले नसते. फूल त्याने मुश्ताकसाठी काढलं होतं, वखारवाल्याला एका नजरेत ओळखू यावं म्हणून. आयतीत फुलाचा शब्द नव्हता. दिवा इमानाचा म्हणून कोरला आणि त्याच्या डोक्यावर आपली खुन्नस टांगली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो दुपारपर्यंत ओटीच्या कडेला पाठ करून बसला.

मग हत्यारं काढली आणि फुलं उतरवायला लागला. पाच दिवस वाडीवर राहिला. एक-एक घोस ताशीत गेला. जिथं लाकूड उरलं तिथं पानाची शीर वळवली, जिथं खोल गेलं तिथं दोडा बसवला. आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम असं भुशात पडत होतं आणि भिमीच्या कोंबड्या त्यात पाय मारत होत्या. हात कापायचा तेव्हा तो थांबायचा, शिवी द्यायचा, परत धरायचा.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, उन्हं चढल्यावर मुश्ताक वाडीवर आला. एकटा, घामाने थबथबलेला. ओटीवर हैदर बसलेला दिसला तसा तो अंगणातच थांबला.

"भिमीबाय," तो हैदरकडे न बघता म्हणाला, "मशिदीचा बुधला न्यायला आलोय. उद्या उद्घाटन हाय."

"अकरा वर्सांनी आठवला?" भिमी म्हणाली.

"अम्मी मागते." मुश्ताकने कपाळ पुसलं. त्याची आई आमीनाबी नव्वदीच्या घरात होती आणि मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका तिचं ऐकायच्या. "ती म्हनते, पहिला दिवा वाडीच्या तेलाचा लागला तर ती मशीद. नायतर म्हनते, तुझी आनखी एक वखार. तिनं कालपासून अन्नाला हात लावला नाय."

हैदरला मनापासून आनंद झाला. त्याने पटाशी खाली ठेवली आणि नीट ऐकायला बसला.

भिमी आत गेली, बुधला घेऊन आली. चिंचेने घासून लख्ख केलेला, तोंडाला फडकं बांधलेला, भरलेला. तिने तो आपल्या पायांशी ठेवला.

"दर साली भरते," ती म्हणाली. "कोनी येत नाय, मंग आमीच वापरतो. यंदाबी भरला. पन शेठ, तू माझ्या झाडाला दारूचं झाड म्हनलास. सगळ्या मानसांत. खालून बाजारवाल्या बायका सांगत आल्या."

"दारू होत नाय का त्याची?"

"होते की. ताडाची ताडी होते, गुळाचीबी दारू होते. तुमी गूळ टाकलात का? दारूच्या झाडाचं तेल मशिदीत कशाला नेतोस? नेऊ नको."

 मुश्ताकने खिशाकडे हात नेला.

"पैसा काढलास तर बुधला उंबऱ्यात ओतीन," भिमी म्हणाली. "तेल पायजे तर झाडबी घेऊन जा. दोन्ही नायतर काय नाय."

 मुश्ताकने पहिल्यांदा फळीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. फुलं नव्हती.  हैदर वाट बघत होता, की हा आता शिव्या देईल आणि आपण दुप्पट देऊ. तयारी होती.

मुश्ताकने डोक्यावरची टोपी नीट केली, खाली वाकला आणि फळी उचलून उजव्या खांद्यावर घेतली. डाव्या हातात बुधला. साठीचा माणूस, गुडघ्यातून लवला, पण सावरला. हैदर उठला नाही. हात लावला असता तर आयुष्यभर स्वतःला माफ केलं नसतं, आणि मुश्ताकने हात मागितला असता तर त्यालाही. मुश्ताकनेही मागितला नाही.

तो पायवाटेला लागल्यावर हैदरने हत्यारं गुंडाळली आणि मागून निघाला. वीस पावलांचं अंतर ठेवून. त्या माणसाबद्दल त्याच्या मनात माया बिलकूल आली नव्हती. भट्टीतला जाळ त्याला तसाच दिसत होता. पण उतारावर मुश्ताकचा पाय अजून घसरत नाही, हेही त्याला दिसत होतं.

शिवेच्या दगडाशी मोहाखाली मुश्ताक दम खायला थांबला. बुधला जपून ठेवला, फळी खोडाला टेकवून उभी केली आणि धापा टाकत राहिला. हैदरही थांबला, वीस पावलांवर.

"उलटं धरलंस," तो ओरडला. "मुळं खाली."

मुश्ताकने फळीकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी ती फिरवून सरळ उभी केली आणि मान न वळवताच विचारलं,

"खुंट्या कुठायत?"

"खिशात हायत," हैदर म्हणाला.

मुश्ताकने फळी परत खांद्यावर घेतली, बुधला उचलला. हैदरने खिशातल्या खुंट्या चाचपल्या आणि वीस पावलांवरून त्याच्यामागे पाटोळची वाट धरली.